बिल्ल्यांची दुपार

शनिवार, रात्री उशिरा

रोबोट-स्पर्धेला निघण्याआधीच्या आठवड्यात रोबोटचे काम कधीच संपलेले नसते, आणि तरीही आज आमच्या विद्यार्थ्यांच्या संघाने जवळजवळ सगळी दुपार तिथे इतर संघांना द्यायचे बिल्ले बनवण्यात घालवली. रोबोटचा हात अजून नीट उचलला जात नसताना आपण पत्र्याच्या चकत्या का दाबत बसलो आहोत, असे एका विद्यार्थ्याने मला सरळ विचारले. प्रश्न रास्त होता आणि मी तिथे दिलेले उत्तर फारच त्रोटक होते. सविस्तर उत्तर इथे लिहून ठेवते.

आमची मुले ज्या प्रकारच्या स्पर्धेत उतरतात, तिची घडणच अशी आहे की एकट्या संघाला तिथे जिंकता येत नाही. अमेरिकी संशोधक डीन केमन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ या संस्थेने १९९२ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत पहिली रोबोट-स्पर्धा भरवली, तेव्हा तीत २८ संघ होते. आज या संस्थेच्या मोठ्या रोबोटांच्या स्पर्धेत तीन-तीन संघांच्या लाल आणि निळ्या युत्या सुमारे अडीच मिनिटांच्या सामन्यात समोरासमोर येतात. पात्रता फेरीत कोण कोणाचा जोडीदार हे वेळापत्रक ठरवते, त्यामुळे सकाळी आपल्या बाजूने खेळलेला संघ दुपारी आपल्याविरुद्ध उभा असतो. त्यानंतर गुणतक्त्यात वर असलेले संघ युतीचे कर्णधार होतात आणि उरलेल्यांतून आपले जोडीदार निवडतात. ही निवड मुख्यतः आकड्यांवर होते. प्रत्येक संघाची काही मुले दिवसभर प्रेक्षकांत बसून प्रत्येक रोबोटची कामगिरी टिपत असतात, आणि बिल्ला सुबक आहे म्हणून कोणताही शहाणा कर्णधार जोडीदार निवडत नाही. परंतु दोन रोबोट जवळपास सारखे असतील, तर ज्या संघाशी आधी बोलणे झाले आहे, ज्याचा क्रमांक आणि माणसे एकत्र आठवतात, त्याच्यावर विश्वास टाकणे सोपे जाते. ते पहिले बोलणे घडवून आणणे एवढेच बिल्ल्याचे काम आहे, आणि अनोळखी माणसाशी बोलायला कचरणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी ते लहान काम नाही.

म्हणूनच रचनेवर झालेला वाद मला व्यर्थ वाटला नाही. मुलांना बिल्ल्यावर रोबोटचे चित्र, संघाचे बोधचिन्ह, घोषवाक्य आणि सर्व प्रायोजकांची नावे हवी होती. आमच्या यंत्रातून निघणाऱ्या बिल्ल्याचा व्यास साधारण ५७ मिलिमीटर असतो, आणि त्यासाठी कागद मात्र सुमारे ६७ मिलिमीटर व्यासाचा कापावा लागतो, कारण कडेचा भाग पत्र्याच्या मागे दुमडला जातो. म्हणजे पार्श्वभूमीचा रंग शेवटच्या कडेपर्यंत न्यावा लागतो आणि अक्षरे त्या कडेपासून बरीच आत ठेवावी लागतात. एवढ्या जागेत चार गोष्टी मावत नाहीत. शेवटी संघाचा क्रमांक मोठा आणि त्याखाली बोधचिन्ह, एवढेच ठेवायचे ठरले. घोषवाक्य गेले याचे काहींना वाईट वाटले; मला वाटले नाही. या स्पर्धेत संघ एकमेकांना आधी क्रमांकानेच ओळखतात, आणि तो दोन पावलांवरून वाचता आला नाही तर बाकीच्या नक्षीला अर्थ उरत नाही.

कापलेले कागद तयार झाल्यावर खरी गंमत सुरू झाली. खालच्या साच्यांपैकी एकात पत्र्याची बहिर्गोल चकती, तिच्यावर कागद आणि त्यावर मायलार या पारदर्शक प्लास्टिकची पातळ चकती ठेवून पहिल्यांदा दाबायचे, की हे तिन्ही भाग वरच्या साच्यात अडकून बसतात. मग दुसऱ्या साच्यात टाचणी लावलेली मागची बाजू ठेवून पुन्हा दाबायचे, की कडा आत वळून बिल्ला तयार होतो. सांगायला हे सोपे आहे. मायलारच्या चकत्या एकमेकींना चिकटून येतात, आणि एकीऐवजी दोन गेल्या की यंत्र अडते. जाड कागदानेही तेच होते. मागची चकती फिरली तर टाचणी तिरकी बसते आणि छातीवर लावलेला क्रमांक कललेला दिसतो. शाईच्या छपाईचा कागद पुरता वाळलेला नसेल तर बोट लागताच रंग पसरतो. या सगळ्या खोडी दुपारभरात मुलांनीच शोधून काढल्या, आणि त्या शोधण्यात एरवीची उतरंड नकळत विस्कटली.

ती उतरंड प्रत्येक संघात असते, कोणी मान्य करो वा न करो. प्रोग्रामिंग करणारी मुले एका कोपऱ्यात, यंत्रकाम करणारी दुसऱ्या, आणि यंदाच नव्याने आलेली मुले स्क्रू वेगळे करण्याच्या कामावर. बिल्ल्यांच्या टेबलावर मात्र कोणालाच पूर्वानुभव नव्हता. ज्या नव्या मुलीला संपूर्ण हंगामात कोणी काही विचारले नसेल, तिच्या लक्षात आले की मायलारची चकती उचलताना बोटांत किंचित चोळली तर दुसरी चिकटलेली आहे का ते कळते. त्यानंतर आमचा सर्वांत जाणता प्रोग्रामर तिच्याकडून ते शिकत बसला. संघभावना वाढावी म्हणून मुद्दाम खेळवले जाणारे खेळ मला नेहमीच थोडे कृत्रिम वाटत आले आहेत. त्यात सगळे हसतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आपापल्या कोपऱ्यात जातात. सर्वांना सारखेच नवे असलेले, हाताने करायचे आणि मोजून दिसणारे काम मला त्यापेक्षा अधिक भरवशाचे वाटते.

प्रचाराचा बिल्ला ही काही आपल्या काळाची निर्मिती नाही. टाचणी लावलेल्या, सेल्युलॉइडने (जुन्या प्रकारच्या प्लास्टिकने) मढवलेल्या बिल्ल्याचे पेटंट अमेरिकेतील न्यूअर्क शहराच्या व्हाइटहेड अँड होग या कंपनीने १८९६ मध्ये घेतले, आणि त्याच वर्षीच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत असे बिल्ले मोठ्या प्रमाणावर वाटले गेले. राजकीय बिल्ला आणि आमचा बिल्ला यांत एक मोठा फरक आहे. तिथे एका उमेदवाराचा बिल्ला लावणारा प्रतिस्पर्ध्याचा लावत नाही; इथे मात्र मुले प्रतिस्पर्धी संघांचेच बिल्ले मागून घेतात आणि आपल्या पट्ट्यावर, टोपीवर, पिशवीवर मिरवतात. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी या स्पर्धेत ‘ग्रेशस प्रोफेशनॅलिझम’ ही कल्पना रुजवली. चुरशीने लढावे, पण समोरच्याचा मान राखावा, त्याला गरज असेल तर आपले अवजारही द्यावे, असा तिचा आशय आहे. बिल्ल्यांनी भरलेली पिशवी पाहिली की ती कल्पना भाषणांपुरती उरलेली नाही हे पटते.

यावरून आज दोन नियम ठरले. पहिला असा की बिल्ले पिटच्या, म्हणजे स्पर्धेच्या ठिकाणी रोबोट दुरुस्त करण्यासाठी संघाला मिळणाऱ्या जागेतल्या, टेबलावर भांड्यात ठेवायचे नाहीत. भांड्यातून मूठभर बिल्ले उचलून माणूस एक शब्दही न बोलता निघून जातो. म्हणून प्रत्येकाने आपल्या खिशात थोडे ठेवावेत, समोरच्याला त्याच्या रोबोटबद्दल एक खरा प्रश्न विचारावा आणि मग बिल्ला द्यावा. दुसरा नियम विद्युत जोडणी सांभाळणाऱ्या मुलांनी सुचवला आणि मला तो मनापासून आवडला: रोबोटवर वाकून काम करणाऱ्याने अंगावर बिल्ले लावायचे नाहीत. आमची बॅटरी १२ व्होल्टची असली तरी ती प्रचंड प्रवाह देऊ शकते, आणि तिच्या उघड्या टोकांवर पत्र्याची चकती पडली तर नुकसान अटळ आहे.

परीक्षकांकडे संघभावनेसाठी वेगळा पुरस्कार असतो, आणि यंत्र व संघ यांच्या एकसंध रूपासाठीही एक असतो. हा दुसरा पुरस्कार डीन केमन यांचे चित्रकार वडील जॅक केमन यांच्या स्मरणार्थ दिला जातो. मुलांना त्याची ओढ आहे आणि असू द्यावी. मात्र परीक्षक पिटमध्ये येतील तेव्हाच चढणारा उत्साह परीक्षकांनाही ओळखू येतो, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवले आहे.

आता पिटमधील पाळ्यांचा तक्ता तेवढा राहिला आहे. बिल्ले देण्याचे काम प्रसिद्धी विभागाच्या ठरावीक मुलांकडे न सोडता सर्वांनी आळीपाळीने करावे असे माझे मत आहे, पण रोबोट चालवणाऱ्या मुलांना दोन सामन्यांमध्ये बॅटरी बदलणे आणि दुरुस्ती यांतून सवड कशी काढून द्यायची, हे अजून सुटलेले नाही. उद्या सकाळी कर्णधाराशी बोलून ते ठरवावे लागेल.