बीप वाजला पाहिजे: आमची वाटचाल

वेबसाइटवाला मुलगा तीन महिने मागे लागलाय, मॅडम 'आमची वाटचाल' हे पान रिकामं दिसतंय, चार ओळी तरी द्या. चार ओळींत बसेना म्हणून हे एवढं.

आम्ही रेस टायमिंग करतो. म्हणजे शर्यतीत कोण किती वेळात पळालं ते मशीननं मोजतो. जे एकदा तरी बिब, म्हणजे अंगावरचा नंबराचा कागद, लावून पळलेत त्यांना फोड करून सांगायला नको. स्टार्टला आणि फिनिशला ज्या काळ्या मॅटवरून तुम्ही जाता ती आमची, आणि पोहे खाता खाता 'अजून रिझल्ट कसा नाही आला' म्हणून ज्यांच्या नावानं खडे फोडता तेही आम्हीच.

२०१३ ला दोघांनी सुरू केलं. मी इन्स्ट्रुमेंटेशनची, भोसरीत एका कंपनीत नऊ वर्षं काढलेली, आणि पार्टनर म्हणजे कॉलेजचा मित्र, सॉफ्टवेअरमधला. तेव्हा पुण्याच्या आसपास कुणी ना कुणी टेन के, म्हणजे दहा किमीची रेस, काढतच होतं आणि टायमिंग म्हणजे दोन स्टॉपवॉच, एक फुलस्केप वही आणि शेवटी भांडण. पहिला रीडर, म्हणजे बिबवरची चिप (टॅग) वाचणारं मशीन, सेकंडहँड घेतला, एवढा स्वस्त मिळाला म्हणून खूश, घरी आणून लावला तर अमेरिकन बँडचा, ९०२ च्या पुढचा. आपल्याकडे तेव्हा या कामाला ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ एवढीच पट्टी मोकळी होती. टॅग वाचायचा तो, नाही असं नाही, पण ती फ्रिक्वेन्सी इथे वापरायची नसते, म्हणून माळ्यावर गेला तो अजून तिथंच आहे, आई त्याच्यावर लोणच्याची बरणी ठेवते. दुसरा नवा घेतला, पीएफ काढून.

टॅगचं सांगते. बिबच्या मागे जी चकचकीत पातळ पट्टी असते तिला बॅटरी नसते, मॅटमधला अँटेना जी लहर फेकतो तिच्यावरच ती जागी होते, आपला नंबर सांगते आणि परत झोपते. आणि या लहरीचं आणि पाण्याचं वाकडं. माणूस म्हणजे पाण्याची पिशवी, त्यात घामानं निथळणारा टीशर्ट, टॅग अंगाला चिकटला की मुका झालाच. म्हणून प्रत्येक टॅगमागे फोमचा तुकडा लागतो. पहिली दोन वर्षं हे फोम आई आणि शेजारच्या काकूंनी दुपारी मटार सोलायला बसावं तसं बसून चिकटवलेत. मग एकेक बिब हातातल्या रीडरखालून काढायचा, बीप वाजला की उजवा गठ्ठा, नाही वाजला की डावा. आजही मी हे दुसऱ्या कुणाला करू देत नाही. (आणि बाबांनो, बिब पोटावर सरळ लावा, चारही पिना लावा, फोटोत ब्रँडचा लोगो दिसावा म्हणून दुमडून शॉर्ट्सला अडकवू नका, आणि अडकवलात तर मग मला फोन करू नका.)

कराडकडच्या एका गावात पीटीचे सर आहेत, आता रिटायर झालेत. आमचं पहिलं पूर्ण पैसे देणारं गिऱ्हाईक. दर जानेवारीत ४०० पोरांची ५ किमीची रेस, शाळेच्या ग्राउंडवरून उसाच्या रस्त्यानं जाऊन परत. पैसे रेसच्या आधी, पाकिटात, वर एक रुपया सुट्टा, जसा आहेर देतात तसा. मी म्हटलं सर, एवढ्या पोरांना चिप कशाला, पहिले दहा बघा आणि बक्षीस द्या. तर म्हणाले, "बाई, तीनशेविसावा आलेल्या पोरालाबी त्याचा सेकंद कळू दे की." त्यांच्याकडे सगळ्या वर्षांचे रिझल्ट लॅमिनेट करून व्हरांड्यात टांगलेले आहेत. २०१६ ला त्यांच्याच रेसला आमची बॅटरी बसली, चूक माझी, रात्री चार्जिंगला लावली आणि बटण चालू केलं नाही. सरांनी दूधवाल्याच्या टेम्पोची बॅटरी काढून आणली आणि ती जोडेपर्यंत गळ्यातल्या स्टॉपवॉचवर पोरांचे वेळ ओरडत राहिले, मी लिहीत राहिले. एका पोराची तक्रार आली नाही. पैसे परत करायला गेले तर पाकीट परत माझ्याच पर्समध्ये घातलं.

नंतरची वर्षं बरी गेली. ऑगस्टपासून फेब्रुवारीपर्यंत रविवार नावाचा प्रकार घरात नव्हता, पाचाची रेस म्हणजे दोन वाजता मॅट टाकायला रस्त्यावर, आणि दर दुसऱ्या ठिकाणी "मॅडम, सर कुठेत?" असं विचारणारा एक तरी. कोविडमध्ये सगळंच बंद होतं, मुंबईची मॅरेथॉनसुद्धा २०२० नंतर थेट २०२३ ला झाली, त्याचं रडगाणं काय गायचं, सगळ्यांचंच तेच.

आमचं खरं कंबरडं मोडलं ते त्यानंतर, एका रीलनं.

आधी पैशाचं गणित सांगते म्हणजे कळेल. समजा २,००० लोकांची हाफ मॅरेथॉन (२१ किमी), फी १,२०० च्या आसपास. टीशर्ट, मेडल, नाश्ता, हायड्रेशन, बॅरिकेड, अँब्युलन्स, मंडप, परवानग्या, सगळं धरलं तर फीतून आयोजकाच्या हातात फार काही उरत नाही, खरा पैसा स्पॉन्सरचा. आणि स्पॉन्सरला आता बॅनर नको, त्याला रीच पाहिजे. म्हणून आयोजकाच्या एक्सेलमध्ये एक नवीन ओळ आली, 'इन्फ्लुएन्सर'. एका आयोजकाची शीट मी बघितली, आमचं टायमिंगचं बिल माणशी ४५ प्रमाणे ९०,००० आणि त्या ओळीत ६ लाख. हे चूकच आहे असं मी म्हणत नाही. ज्या बायका कधी ट्रॅकपँट घालून सोसायटीच्या गेटबाहेर गेल्या नसत्या त्या आज टेन के पळतायत त्यात या पोरापोरींचा वाटा आहे. आणि त्यातले बहुतेक तर बिचारे बूट आणि फुकट एंट्रीवर राबतात, वर '१० टक्के सूट' म्हणून स्वतःच्या नावाचा कोड. आमच्या सीएनं सांगितलं की २०२२ ला (१९६१ च्या आयकर कायद्यात) १९४आर कलम आलं, फुकट मिळालेला माल ठेवून घेतला आणि वर्षाला वीस हजारांच्या वर गेला की त्यावर १० टक्के टीडीएस. आता कार्बन प्लेटवाल्या बुटांचा एक जोडच तेवढ्याला जातो. म्हणजे हातात रोख नाही, पायात बूट आणि टॅक्स भरा. माझा राग त्यांच्यावर नाही, एकावर आहे.

डिसेंबर २०२३. हाफ मॅरेथॉन, सरळ जाऊन यू-टर्न घेऊन परत. मॅट तीन ठिकाणी: स्टार्ट-फिनिश, ५ किमी (तीच येताना १६ ची), आणि यू-टर्नला. हा गडी आठवडाभर आधीपासून सांगत होता की सब वन-फोर्टी, म्हणजे एक तास चाळीसच्या आत, मारणार, नवीन बुटांत. पोस्टला 'जाहिरात' असं लेबल नाही, जे २०२१ पासून लावायचं असतं. फिनिश केलं १:३५:२० ला, वयोगटात तिसरा, पोडियम.

दुपारी मी डेटा साफ करायला बसले तर त्याच्या नावापुढे यू-टर्नचा रकाना रिकामा. आता रिकामा रकाना म्हणजे चोर असं नसतं, टॅग कधी कधी वाचला जात नाही, पहिला संशय आम्ही स्वतःवरच घेतो. त्या दिवशी यू-टर्नला सहा जण सुटले होते. कॅमेऱ्याचं फुटेज लावलं, पाच जण सापडले, बिब दिसतोय, त्यांना वेळ दिली. सहावा नाही. तिथे बसलेल्या एनएसएसच्या मुलीचा कागद काढला, तिनं निळ्या पेननं प्रत्येक नंबर लिहिला होता, थंडीनं अक्षर वाकडं झालेलं, पण नंबर नाही. मग स्प्लिट, म्हणजे टप्प्याटप्प्याची वेळ, बघा: पहिले ५ किमी २४:४०, म्हणजे किलोमीटरला ४:५६ चा पेस. शेवटचे पाच-सव्वापाच ५:०२ नं. आणि मधले ११ किमी ४५ मिनिटांत, म्हणजे ४:०५ नं! जो माणूस सुरुवातीला ताजा असताना पाचनं पळतो तो मध्येच ४:०५ नं उडतो आणि परत पाचवर येतो, असं कुठे असतं का? ४५ मिनिटांत पाचच्या पेसनं ९ किमी होतात. यू-टर्नच्या एक किलोमीटर आधी डिव्हायडर ओलांडला, सरळ हिशोब.

आमच्या धंद्यात रोझी रुईझ सगळ्यांना माहीत असते, १९८० ला बोस्टनमध्ये शेवटच्या टप्प्यात घुसून पहिली आलेली, आठ दिवसांत किताब काढून घेतला. तेव्हा चिप नव्हती, लोकांच्या डोळ्यांवरच ठरलं. मी म्हटलं आपल्याकडे तर चिप, व्हिडिओ, कागद, तिन्ही आहे. डिस्क्वालिफाय केलं.

संध्याकाळी रील. गाडीत बसून, डोळ्यात पाणी, "टायमिंग कंपनीनं माझी सहा महिन्यांची मेहनत खाल्ली." घड्याळावरची वेळ दाखवली, किलोमीटरवर अंगठा. स्ट्राव्हाचा, म्हणजे कुठून पळालात ते दाखवणाऱ्या ॲपचा, नकाशा कुठंच नाही. तीन दिवसांत चार लाख व्ह्यूज. आमच्या पानावर शिव्या, रेटिंग खाली, कुणी लिहिलं बाईमाणसाच्या हातात मशीन दिल्यावर असंच होणार. मी स्प्लिटचा तक्ता टाकला, त्याला ६१ लाइक, त्यातले निम्मे नातेवाईक.

आयोजकाचा फोन आला, "मॅडम, कळतंय मला, पण एक नाव घालायला काय जातं? स्पॉन्सर बोंबलतोय." मी नाही म्हटलं. त्यांनी त्यांच्या साइटवर 'मॅन्युअल टायमिंग' म्हणून त्याचं नाव परत घातलं आणि आमचं बिल अडकवलं. पार्टनर म्हणाला अगं घालून टाक, धंदा आहे, सुप्रीम कोर्ट नाही. त्यावरून आमचं वाजलं ते वाजलंच, मार्चमध्ये तो बाहेर पडला. कोडिंग सगळं त्याचं होतं. अजूनही रेसच्या दिवशी सर्व्हर अडकला की मी त्यालाच फोन लावते आणि तो उचलतो, एवढं सांगितलं पाहिजे.

त्या मोसमात तीन आयोजक सोडून गेले. कुठे? एका नवीन कंपनीकडे, जी माणशी ३० ला करते आणि वर इन्फ्लुएन्सरना 'टायमिंग पार्टनर' म्हणून टॅग करते. ३० मध्ये यू-टर्नला मॅट बसत नाही हो. मी त्यांची एक रेस बघायला गेले, स्टार्ट आणि फिनिश, बस्स, मध्ये काही नाही. म्हणजे कुणी रिक्षानं गेला तरी चालेल, आणि सगळे खूश, तक्रार शून्य! वीस हजार टॅग माझ्या कपाटात पडून, ओम्नी विकली, मॅट भावाच्या गाडीच्या टपावर बांधून नेल्या.

तगलो कसे म्हणाल तर सरांमुळे. त्यांनी ती रील बघितलीच नव्हती, त्यांच्याकडे साधा फोन. त्यांच्या नातवानं सांगितलं तेव्हा मला फोन करून एवढंच विचारलं, "कागद हाय का तुमच्याकडं?" म्हटलं आहे. "मग झालं." आणि त्या उन्हाळ्यात आजूबाजूच्या पाच शाळांच्या रेस मिळवून दिल्या, सगळ्यांची पाकिटं आगाऊ.

नवीन धंद्यात येणाऱ्यांना, विचारलं नाहीत तरी सांगते. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंद) करा आणि बिलावर नंबर छापा. २०२४ ला (१९६१ च्याच आयकर कायद्यातलं) ४३बी(एच) कलम लागू झालं, लेखी करार असेल तर ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत छोट्या उद्योगाचं बिल दिलं नाही तर समोरच्याला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही. आयोजक ट्रस्ट असेल तर त्याला याची फार धास्ती नसते, तिथे निम्मे आधी घ्या. बॅटरी चार्जिंगला लावली की बटण बघा. आणि 'एक्स्पोजर देतो' म्हणणाऱ्याला विचारा, डिझेल त्यात बसतं का.

गेल्या महिन्यात सोडून गेलेल्यांपैकी एक आयोजक परत आले, त्यांच्या रेसमध्ये बक्षिसाच्या पैशावरून मारामारी झाली आणि दाखवायला स्प्लिट एकही नाही. ४५ चे ५० केले, यू-टर्नला दोन मॅट आणि दोन कॅमेरे लिहून घेतले. परवा त्यांची यादी आली. कॉम्प्लिमेंटरी एंट्रीत अकरावं नाव त्याचं.

काल रात्री त्याचा बिब मीच काढला. फोम लावला, रीडरखाली धरला, बीप. उलटा करून परत धरला, बीप. उजव्या गठ्ठ्यात ठेवला.