मॉक ड्रिलनंतर

ठाणे, रविवार

काल शहापूर तालुक्यातल्या आमच्या आरोग्य केंद्रात ऑक्सिजनचं मॉक ड्रिल झालं. सिलिंडर मोजले, कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारी यंत्रं, चालू करून पाहिले, फोटो वर पाठवले. सगळं नीट पार पडलं, तरी घरी येताना लोकलमध्ये मनातून विषय जाईना. जंबो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटरने लावला तर बारा तासही पुरत नाही. पण तो संपला तर दुसरा मागवता येतो. उपकेंद्रातली नर्सताई आजारी पडली तर दुसरी कुठून मागवायची?

आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. तिथे गरोदर बायकांची तपासणी, बाळांच्या लसी, टीबीच्या गोळ्या, साप चावलेला माणूस, सगळं तिच्याच अंगावर. २०२० मध्ये तिलाच कोविडच्या ड्युटीला लावलं आणि पाड्यांवरची बाकीची कामं अडली. कोविडचा आकडा रोज संध्याकाळी कळवायचो. किती बाळांचे डोस चुकले, हे माझ्याकडे तरी कुणी मागितलं नाही.

एक कातकरी बाई अजून डोळ्यांसमोर आहे. वीटभट्टीवर राबून बोटांची कातडी जाड झालेली, त्यात हात गार. ऑक्सिमीटरवर आकडाच येईना. गावच्या आशा सेविकेने, आमच्या आशाताईंनी, चुलीवरचं कोमट पाणी घेतलं, तिचा हात धुतला, तळव्यांत धरून चोळत बसल्या. मग आकडा दिसला, ८९, म्हणजे ऑक्सिजन कमी. १०८ च्या रुग्णवाहिकेला फोन लावायला पोरगा रेंजसाठी टेकाडावर पळाला. आशाताईंना याचा पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो, तोही कधी वेळेवर नाही.

मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयाच्यांना लस सुरू झाली ती ऑनलाइन नोंदणीवरच. आमच्या केंद्रातल्या वेळा शहरातल्यांनी आधीच ऑनलाइन घेतलेल्या, सकाळी केंद्राबाहेर ठाण्या-कल्याणच्या गाड्यांची रांग. त्यांना दोष देत नाही, जीव सगळ्यांनाच प्यारा. पण गावची पोरं कुंपणाला टेकून बघत होती आणि त्यांना काय सांगावं ते मला सुचत नव्हतं.

उद्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र देणार आहे. पुढच्या ड्रिलमध्ये एवढं तरी घ्या: नर्सताई महिनाभर दुसरीकडे गेली तर बाळंतपण कोण बघणार, लसी कोण देणार, ते प्रत्येक उपकेंद्राने नावानिशी आधीच लिहून ठेवावं.