आबांचं बेरेटा

माझे वडील, आबा, २०१९च्या मे अखेरीला गेले, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी. तेव्हा त्यांचं पिस्तूल घरात नव्हतं. मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली आणि दर निवडणुकीप्रमाणे पोलीस ठाण्यातून निरोप आला, की परवान्याची हत्यारं जमा करा. आबांनी ते कापडी पिशवीत घातलं, रिक्षा बोलावली, स्वतः जाऊन जमा केलं आणि पावती पंचांगात घडी घालून ठेवली. निकाल लागून लोकांची हत्यारं परत मिळू लागली, तेव्हा ते दवाखान्यात होते.

ती पावती मला तेराव्यानंतर सापडली. कारकुनी अक्षर, खाली शिक्का. ती घेऊन ठाण्यात गेले तर हवालदार चांगला बोलला, पण म्हणाला, "मावशी, लायसन्सवाला गेला की लायसन्सही गेलं. आता वारसाच्या नावावर करून आणा, मग देतो." इथून पुढे सव्वादोन वर्षं गेली.

आधी पिस्तुलाबद्दल सांगते. आबा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत होते. इटलीत सेनिओ नदीच्या बांधावर ९ एप्रिल १९४५ला ज्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, ते याच पलटणीचे. आबा त्या दिवशी तिथे होते, एवढंच त्यांनी आम्हाला सांगितलं. "किती मारले?" असं धाकट्या भावाने लहानपणी एकदा विचारलं, तेव्हा ते ताटावरून उठून गोठ्यात गेले. पुन्हा कुणी विचारलं नाही. २ मेला इटलीतल्या जर्मन फौजांनी शस्त्रं खाली ठेवली, त्याच आठवड्यात हे बेरेटा, इटालियन बनावटीचं पिस्तूल, त्यांच्याकडे आलं आणि कंपनीच्या साहेबाने ते ठेवायला सहीचा कागद दिला. गावी परतल्यावर आबांनी रीतसर परवाना काढला, आणि शेवटपर्यंत त्याचं नूतनीकरण एकदाही चुकवलं नाही.

हे १९३५ मॉडेलचं आहे, तळहाताएवढं. वरच्या सरकत्या भागावर डाव्या बाजूला कारखान्याचं नाव, गार्दोने हे गाव आणि १९४२ हे साल कोरलंय. सालापुढे रोमन आकड्यांत वीस. मुसोलिनीच्या राजवटीत १९२२पासून नवं वर्ष मोजत, त्यातलं ते विसावं. मुठीच्या काळ्या पट्ट्यांवर पी आणि बी ही अक्षरं आहेत. एका पट्टीचा कोपरा उडालाय, तो आमच्या लहानपणापासून तसाच.

थोरल्या दादाचं म्हणणं होतं की सरकारजमा करून मोकळं व्हावं, घरात नातवंडं आहेत. त्याची काळजी खोटी नव्हती. पण आबांची पदकं चुलत्यांकडे गेली, पत्रं १९५३च्या पुरात गेली, आणि ते स्वतः तर बोललेच नाहीत. महायुद्धाच्या त्या सहा वर्षांतली हातात धरता येईल अशी एवढीच वस्तू उरली होती. मी दादाला म्हटलं, माझ्या नावावर करू दे, गोळ्या घेणार नाही, कुलपात ठेवीन. दोन दिवसांनी तो हो म्हणाला.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, नमुना ए-१. त्याला आबांचा मृत्यूचा दाखला, परवान्याचं पुस्तक, वारस दाखला, बाकी भावंडांची हरकत नसल्याची प्रतिज्ञापत्रं, माझ्या शरीर-मनाच्या आरोग्याचं प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला. शेवटच्या दाखल्यासाठी मी अठ्ठावन्नाव्या वर्षी रायफल क्लबात गेले. हात थरथरला, पण शिकले. आबांच्या पुस्तकावर युनिक आयडेंटिफिकेशन नंबर, म्हणजे परवान्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक होता, हे नशीब. ज्यांच्या घरात जुनी पुस्तकं आहेत त्यांनी तो आहे का ते आजच बघा. शिवाय आबांचं हत्यार .३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप), इटालियन मापात ७.६५ मिलिमीटर, म्हणून जिल्हा पातळीवर काम होणार होतं. .३०३ रायफल किंवा ९ मिलिमीटरचं पिस्तूल असतं, तर ते प्रतिबंधित बोअरमध्ये आलं असतं आणि फाइल दिल्लीला गृह मंत्रालयात गेली असती.

खिडकीवरच्या कारकुनाने पहिलाच प्रश्न केला, "मॅडम, तुम्हाला जिवाला धोका कुणापासून?" मी म्हटलं, कुणापासूनच नाही. "मग परवाना कशाला? असा मिळत नाही." घरी येऊन मी २०१६चे शस्त्र नियम काढले. रात्री दोनपर्यंत वाचले. धोक्याची वगैरे चौकशी बाराव्या नियमात आहे, आणि पंचविसावा नियम वारसांसाठी आहे. त्यात स्वच्छ लिहिलंय की बाराव्या नियमात काहीही असलं तरी, मृत परवानाधारकाच्या एका वारसाला परवाना देता येतो. वारस पात्र असावा आणि पोलीस अहवाल प्रतिकूल नसावा. दुसऱ्या दिवशी ती छापील पानं खिडकीवर ठेवली. त्याने वाचली, आत जाऊन आला आणि अर्ज घेतला.

त्याच नियमात वाचलेली एक गोष्ट अजून मनाला लागते. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा त्याच्याकडे हत्यार असून पंचवीस वर्षं झाली, की तो हयातीतच वारस नेमून परवाना त्याच्या नावावर करून देऊ शकतो. आबा दोन्ही अटींत केव्हाच बसत होते. ते जवळ बसले असताना हे सगळं एका सहीवर सुरू झालं असतं.

पुढे ऑक्टोबरची विधानसभा आली, मग २०२०चा मार्च आणि टाळेबंदी. कचेऱ्या उघडल्यावर कळलं की पोलीस अहवाल उलटा आलाय. कारण, शस्त्र क्रमांक जुळत नाही. परवान्यावर एक क्रमांक, मुद्देमालाच्या रजिस्टरात दुसरा. रजिस्टरातला आकडा ऐकला आणि मी खुर्चीत बसलेच. तो होता १९४२. हत्यार जमा करून घेणाऱ्याने डाव्या बाजूचं साल क्रमांक म्हणून उतरवलं होतं, आणि पावतीवरही तेच! दीड वर्ष ती पावती मी प्लास्टिकच्या पाकिटात जपली, पण तिच्यावरचा आकडा एकदाही पुस्तकाशी ताडून पाहिला नाही. हत्यार जमा करताना तिथल्या तिथे हे बघून घ्या.

पुडकं लाखेने सीलबंद होतं. ते फोडायला वरून परवानगी हवी, आणि ती मागायची कुणी, यावर महिने गेले. तेवढ्यात २०२१च्या फेब्रुवारीत नोटीस आली, आबांच्या नावे. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१प्रमाणे जमा हत्यार परत नेलं नाही, ते सरकारजमा का करू नये, याचा तीस दिवसांत खुलासा करा. पाकिटावर आबांचं नाव, त्यापुढे 'सुभेदार'सुद्धा. मी त्या रात्री खूप रडले.

मग आबांची पत्र्याची ट्रंक पुन्हा उपसली. लायसन्सच्या जुन्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यात, अस्तराच्या आत, साहेबाचा तो कागद होता. पिवळा, घडीवर फाटलेला, पेन्सिलीने लिहिलेला. त्यावर पिस्तुलाचा क्रमांक होता आणि तो परवान्याशी अंक न् अंक जुळत होता. खुलाशाला त्याची प्रत जोडली, वारसाचा अर्ज प्रलंबित असल्याचं लिहिलं आणि पुडकं माझ्यासमोर उघडावं अशी मागणी केली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पंचनामा झाला. दोन पंच, मुद्देमाल कारकून आणि मी. सुतळी कापली, लाख फुटली, आत आबांचीच कापडी पिशवी. पिस्तुलावर तांबूस गंज चढला होता. कारकुनाने उजवी बाजू रॉकेलच्या बोळ्याने पुसली तसे एकेक आकडे वर आले. मी कागद हातात धरून वाचत गेले, तो बघत गेला. शेवटचा आकडा जुळल्यावर तो म्हणाला, "बरोबर आहे, मावशी. तुमच्या वडलांचंच आहे."

परवाना ऑगस्टमध्ये हातात पडला, पाच वर्षांचा. पिस्तूल सप्टेंबरमध्ये घरी आलं. गोळ्या घेतल्या नाहीत. ते भिंतीत पक्क्या केलेल्या लोखंडी पेटीत असतं आणि किल्ली माझ्याजवळ.

आबा वर्षातून एकदाच ते बाहेर काढत, खंडेनवमीला. कोयता, विळा, नांगराचा फाळ आणि हे, सगळं एका पाटावर. त्या वर्षी दादा पुण्याहून आला. मी म्हटलं नव्हतं, पण त्याने आबांच्या ट्रंकेतून तेलाची बाटली आणि दोरी लावलेली चिंदी काढली. मॅगझिन उतरवलं, नळी उजेडाकडे धरून रिकामी असल्याची खात्री केली आणि चिंदी आरपार ओढली. तीनदा, आबा ओढत तशीच. आबांनी त्याला कधी शिकवलं होतं, हे मला ठाऊकच नव्हतं. गंज बराचसा निघाला. नळीच्या तोंडाशी एक काळा डाग राहिला. दादा म्हणाला, तो पहिल्यापासून आहे, घासू नको.