तिसऱ्या मजल्यावरच्या कुंड्या थोडक्यात वाचल्या

मेघालयातल्या गुहांना जायचं ठरलंय, म्हणून आज मुलुंडला मित्राच्या सोसायटीच्या गच्चीवरून रोपने उतरायचा सराव केला. सह्याद्रीत फिगर ऑफ एट (रोप ओवून उतरायचं आठच्या आकाराचं साधन) लावून इतक्यांदा उतरलोय की जरा ताठ्यातच होतो. आमच्या सीनियर दादाने आधी तो एटच काढून घेतला. म्हणाला, "हा रोपला पीळ घालतो. शिवाय रोप ओवायला दरवेळी कॅरॅबिनरच्या कडीतून सोडवायचा. अंधारात, चिखलाच्या हातांतून निसटला तर?"

मग हातात आला स्टॉप, रोपने उतरायचंच दुसरं साधन. आत न फिरणाऱ्या दोन कप्प्या, बाहेर एक दांडी. दांडी दाबली की रोप सरकतो, सोडली की थांबतो. म्हटलं, हे तर पोरखेळ! गोम तिथेच आहे. घाबरलेला माणूस हात सोडत नाही, उलट आवळतो. मीही तेच केलं. सर्रकन खाली! दुसऱ्या रोपवर बिले, म्हणजे पडताना धरणारा आधार, होता म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुंड्या वाचल्या, आणि मीही. वेग दांडीने नाही, खालचा रोप धरलेल्या हाताने सांभाळायचा. दादा हे तासभर आधीपासून सांगत होता, बरं का.

पुढचे चार उतार कंटाळवाणे झाले, म्हणजे नीट झाले. रोपच्या टोकाला गाठ, कॅरॅबिनरचा स्क्रू बंद, टी-शर्ट आत खोचलेला, कारण लोंबतं काहीही कप्पीत ओढलं जातं.

काकूंनी चहा दिला. कप हातात ठेवत विचारलं, "लिफ्ट बंद आहे का रे?"