ग्राफिक्स गेलं, लॅपटॉप राहिला

लग्नाचे अल्बम आणि छोटे व्हिडिओ करून देणं हा माझा धंदा. सांगलीत घरातल्याच एका खोलीत बसून करते. लॅपटॉपची वॉरंटी दिवाळीत संपली आणि ऐन माघातल्या लग्नसराईत व्हिडिओच्या खिडकीत हिरवे-जांभळे चौकोन दिसायला लागले. सुरुवात एका नवरीच्या शालूवर झाली, म्हणून वाटलं कॅमेऱ्याच्या कार्डातूनच फाइल खराब आली असेल. तीच फाइल मोबाइलवर लावली तर स्वच्छ चालली.

पुढे स्क्रीन मध्येच क्षणभर काळी व्हायची आणि परत यायची. विंडोजची रीत अशी की ग्राफिक्सच्या चिपकडून २ सेकंदांत उत्तर आलं नाही तर ती ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) पुन्हा सुरू करून बघते. काही दिवस ते जमत होतं. मग तेही जमेना, थेट निळी स्क्रीन यायला लागली, त्यावर ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाच्या नावावर पिवळा त्रिकोण आणि कोड ४३, म्हणजे विंडोजने ते कार्ड थांबवून ठेवलेलं.

गावातल्या एका दुकानदाराने लॅपटॉप उघडायच्या आधीच सांगितलं, “ताई, स्क्रीन बदलावी लागेल.” मला ते पटेना. चौकोन फक्त व्हिडिओच्या खिडकीत येत होते, खालचा टास्कबार अगदी नितळ. स्क्रीन किंवा तिची केबल खराब असती तर तिने खिडकी बघून खोडी काढली नसती. मी स्क्रीनशॉट घेतला आणि मोबाइलवर पाठवला. चौकोन तिथेही हजर. स्क्रीनशॉट मेमरीतल्या चित्राचा निघतो, पडद्याचा नाही. म्हणजे चित्र पडद्यापर्यंत पोचायच्या आधीच नासत होतं. झाकण मागेपुढे हलवून पाहिलं, काही फरक नाही. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी मोजक्या गोष्टींवर चालवली की, तासन् तास सुरळीत. सेफ मोडमध्ये ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर सुरूच होत नाही, त्यामुळे बोट तिकडेच वळलं.

इथे एक गोष्ट कळायला मला वेळ लागला, पण ती कळल्यावर पुढचं सगळं सोपं झालं. माझ्यासारख्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात. एक इंटेलच्या प्रोसेसरच्या पोटातलं, साधं. दुसरी वेगळी चिप, जिच्यासाठी आपण दुकानात वीसेक हजार जास्त मोजतो. पडद्याला जाणारी वायर इंटेलला जोडलेली असते. मोठी चिप फक्त जड काम करते आणि तयार चित्र इंटेलच्या हातात देते. म्हणून तर टास्कबार नितळ आणि व्हिडिओ नासलेला. सगळ्या लॅपटॉपची रचना अशी नसते. काहींत पडदा थेट मोठ्या चिपलाही जोडता येतो, आणि तिथे लक्षणं वेगळी दिसतात.

पंखा साफ करून नवी थर्मल पेस्ट लावून घेतली. तापमान ९१ वरून ७४ अंशांवर आलं. चौकोन मात्र तसेच. पेस्टचे पैसे मी वाया गेले म्हणणार नाही, निदान उष्णतेची शंका तरी फिटली.

मग अधिकृत सर्व्हिस सेंटर. काउंटरवरची मुलगी फार नीट बोलली, पण तिच्या हातात काही नव्हतं. “मॅडम, आमच्याकडे चिप बदलत नाहीत, पूर्ण बोर्ड येतो.” मदरबोर्डाचे ३५,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ४१,३००. जुना बोर्ड त्यांच्याकडे जमा करायचा आणि नव्या बोर्डाला ९० दिवसांची हमी. अख्खा लॅपटॉप मी ७८ हजारांना घेतलेला. नाकापेक्षा मोती जड. तपासणीचे पैसे भरले आणि लॅपटॉप उचलून आणला.

वॉरंटी संपली म्हणजे सगळेच दरवाजे बंद, असं मात्र नसतं. एखाद्या मॉडेलमध्ये दोष सरसकट निघाला तर कंपन्या कधीकधी वॉरंटीनंतरही मोफत दुरुस्ती करून देतात. २००८ मध्ये एनव्हिडियाने जाहीर केलं की त्यांच्या काही लॅपटॉप चिप पॅकेजिंगच्या कच्च्या मालामुळे बिघडताहेत, आणि त्यापोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. ॲपलने २०११ ते २०१३ मधल्या काही मॅकबुक प्रोंसाठी २०१५ च्या फेब्रुवारीत अशीच मोफत दुरुस्ती सुरू केली, तीही लोकांनी चांगलीच आरडाओरड केल्यावर. म्हणून आधी कंपनीच्या साइटवर आपल्या मॉडेलचा आणि सिरियल नंबरचा शोध घ्यावा. माझ्या मॉडेलसाठी काही नव्हतं.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ते ती कंपनीकडे पाठवतात. कंपनीचं उत्तर आलं, वॉरंटी संपली आहे, सदिच्छा म्हणून बोर्डावर थोडी सूट देऊ. सूट वजा करूनही आकडा तीस हजारांच्या वरच. ग्राहक आयोगाचा मार्ग उरला होता. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जाता येतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पण दोष मूळचाच होता हे दाखवायचं तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, तिचा खर्च आधी तक्रारदाराकडून भरून घेऊ शकतो, आणि तोवर लॅपटॉप अडकून पडणार. माझी गिऱ्हाइकं अल्बमसाठी दारात उभी होती. ज्यांचा लॅपटॉप वर्षाच्या आतच बिघडायला लागला होता आणि ज्यांच्याकडे जॉबशीट (सर्व्हिस सेंटरच्या दुरुस्तीच्या नोंदी) आहेत, त्यांनी मात्र हा मार्ग जरूर धरावा. माझ्याकडे वॉरंटीतलं एकही जॉबशीट नव्हतं, कारण वॉरंटीत तो कधी बिघडलाच नाही.

मग बाहेरची दुरुस्ती. तिथे जो तो एकच शब्द बोलतो, रिबॉलिंग, म्हणजे चिप काढून तिच्याखालचे जोडणीचे गोळे नवे लावणं. इंटरनेटवर तर लोक बोर्ड भट्टीत भाजून काढतात. ज्या भट्टीत नानकटाई करायची तिच्यात सोल्डर, फ्लक्स आणि प्लॅस्टिक तापवणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. गंमत अशी की भाजलेला बोर्ड बऱ्याचदा खरंच चालू होतो, आणि म्हणूनच हा उपाय मरत नाही.

पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास चिप लेव्हलचं (बोर्डावरची एकेक चिप दुरुस्त करायचं) काम करणारे बरेच आहेत. ओळखीतून एकाकडे गेले. जाण्याआधी दोन कामं केली, ती बोर्डाला हात लागणार असेल तर कुणीही करावीत. पहिलं, एसएसडी (सगळा डेटा असलेली डिस्क) काढून घरी ठेवली. लोकांच्या लग्नाचे फोटो अनोळखी टेबलावर कशाला? दुसरं, बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की कागदावर उतरवून घेतली. बऱ्याच नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. बोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) फेरफार झाला, तर विंडोज ही ४८ आकडी की मागते, आणि की नसेल तर डेटा गेला.

दुरुस्तीवाला पन्नाशीचा. बोर्ड सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन बराच वेळ बोललाच नाही. मी विचारलं, “दादा, रिबॉलिंग करणार ना?”

“ताई, हीट मारून डिस्प्ले आणून देणं सोपं आहे. आज हसत घेऊन जाल आणि दोन महिन्यांनी भांडायला याल.”

मग त्याने एक मेलेली चिप हातात देऊन समजावलं. चिप म्हणून आपल्याला दिसते ती एक छोटी पाटी, तिच्या मधोमध चकचकीत सिलिकॉन. पाटी बोर्डाला खालच्या सोल्डरच्या गोळ्यांनी जोडलेली असते, आणि सिलिकॉन पाटीला त्याहून कितीतरी बारीक ठिपक्यांनी. तापल्यावर सिलिकॉन फुगतं त्याच्या अनेक पट पाटी फुगते. रोजच्या तापण्या-निवण्याने ते बारीक ठिपके तडकतात. रिबॉलिंगमध्ये बदलतात ते बाहेरचे गोळे. बिनशिशाचा झाल, म्हणजे सोल्डर, साधारण २१७ अंशांना वितळतो, म्हणजे चिप काढायला आणि लावायला तिला त्याहून जास्त तापवावं लागतं. त्या उष्णतेने आतले तडकलेले ठिपके तात्पुरते चिकटतात, आणि श्रेय मिळतं नव्या गोळ्यांना! लॅपटॉप पाण्यात पडला, आपटला, बोर्ड वाकला, तर गोळे सुटू शकतात आणि तिथे रिबॉलिंग खरंच उपयोगी पडतं. माझा लॅपटॉप टेबलावरून हललेला नव्हता.

दोष चिपचा की तिच्या शेजारच्या मेमरीचा, हेही त्याने तपासलं. त्यासाठी त्याच्याकडे पेन ड्राइव्हवरून चालणारी चाचणी होती. चुका एकाच मेमरी चिपवर दिसल्या असत्या तर तेवढीच बदलता आली असती, थोडक्यात भागलं असतं. चुका सगळ्यांवर सांडलेल्या होत्या. म्हणजे मूळ चिपच गेली.

“नवी चिप टाकली तर?”

“अकरा हजार, महिन्याची गॅरंटी. पण नवी म्हणून मला जी मिळेल ती खरंच नवी असेल हे मी छातीठोक सांगणार नाही. जुन्या बोर्डावरची उपटून, धुऊन, गोळे लावून विकतात.” आणि मग त्याने तो प्रश्न विचारला, जो मला आजवर कुणी विचारला नव्हता, अगदी लॅपटॉप विकणाऱ्यानेही. “तुम्हाला हे ग्राफिक्स लागतं कशाला?”

मी तिथेच स्टुलावर बसून हिशोब केला. पैसे मिळतात ते मुख्यतः अल्बममधून. अल्बम फोटोशॉपमध्ये होतो, त्याला रॅम लागते, चांगला पडदा लागतो. मोठ्या ग्राफिक्सवाचून त्याचं फारसं अडत नाही. व्हिडिओ छोटे, तीन-चार मिनिटांचे, आणि एच २६४ (व्हिडिओचा नेहमीचा प्रकार) फाइल काढायला इंटेलच्या चिपमध्येही वेगळी सोय असते. मोठी चिप हवीच असं काम माझ्याकडे क्वचित येतं. आणि मी मात्र सगळा वेळ ती दुरुस्त कशी होईल याच्याच मागे धावत होते.

डिव्हाइस मॅनेजरमधून ती बंद करून मी आधीच पाहिलं होतं. लॅपटॉप चालला, पण तळ गरमच राहायचा आणि बॅटरी भराभर उतरायची. दुरुस्तीवाल्याने कारण सांगितलं, ड्रायव्हर बंद केला की चिपला झोपवणारंच कुणी उरत नाही, ती वीज खात जागी बसते. शिवाय विंडोजचा एखादा मोठा अपडेट तिला परत चालू करण्याची धास्ती. यावर त्यांच्या धंद्यातला उपाय म्हणजे बायपास. माझा बोर्ड कंपनीने दोन प्रकारांत विकलेला, ग्राफिक्ससह आणि ग्राफिक्सशिवाय. छापील बोर्ड एकच, दुसऱ्या प्रकारात ते भाग नुसते रिकामे सोडलेले. मग स्कीमॅटिक (बोर्डाचा नकाशा) बघून चिपचा वीजपुरवठा तोडायचा, दोन-तीन बारीक रेझिस्टर इकडचे तिकडे करायचे आणि बायोस बदलायचा, की बोर्ड स्वतःला बिनग्राफिक्सचा समजायला लागतो. खर्च ३,५०० रुपये. पडद्याची वायर थेट मोठ्या चिपला जोडलेली असेल अशा लॅपटॉपवर हे इतकं सरळ होत नाही, हेही त्याने आपणहून सांगितलं.

पावतीवर ‘ग्राफिक्स चिप कायमची बंद केली’ असं लिहून घेतलं. उद्या लॅपटॉप विकायचा झाला तर घेणाऱ्याला खरं दाखवता येईल.

घरी आणून एसएसडी बसवली. अपेक्षेप्रमाणे निळ्या पडद्यावर की मागितली, कागद तयार होता. त्यानंतर निळी स्क्रीन आलेली नाही. लॅपटॉप थंड असतो, पंख्याचा आवाज कमी झाला, बॅटरी पूर्वीपेक्षा तासभर जास्त टिकते. ४के व्हिडिओवर रंगाचे थर चढवले की मात्र तो हमखास अडखळतो, त्यासाठी हलक्या प्रॉक्सी फाइल करून काम करते आणि शेवटचा एक्स्पोर्ट जेवायच्या वेळेला लावते.

एक भानगड आधी लक्षात आली नव्हती. रंग तपासायला मी बाहेरचा मॉनिटर लावते, तो एचडीएमआयवर चालेचना. फोन केला तर दादा म्हणाले, “ते पोर्ट मोठ्या चिपला जोडलेलं असतं ताई, चिपबरोबर गेलं ते. टाइप-सी बघा.” नशिबाने माझं टाइप-सी पोर्ट चित्र देणारं निघालं आणि इंटेलला जोडलेलं होतं. अडॅप्टर आणला, मॉनिटर लागला. बायपास करायचा विचार असेल तर हे आधीच पाहून घ्या: मोठी चिप डिव्हाइस मॅनेजरमध्ये बंद करायची आणि एकेका पोर्टाला मॉनिटर लावून बघायचा. जे पोर्ट तेव्हा मरतं ते बायपासनंतरही मेलेलंच राहतं.

बायोस अपडेट करायचा नाही, अशी ताकीद मिळाली आहे. कंपनीचा बायोस परत बसला तर तो ती चिप शोधत बसेल आणि लॅपटॉप सुरूच होणार नाही. कंपनीचं ॲप दर आठवड्याला ‘महत्त्वाचा अपडेट उपलब्ध’ म्हणून दार वाजवायचं. शेवटी ते ॲपच काढून टाकलं, आणि विंडोज अपडेटमधून ड्रायव्हर आणि फर्मवेअर येणंही सेटिंगमधून बंद करून ठेवलं.