येडशीच्या घाटातला पट्ट्याचा

बार्शीहून येडशीला जाणाऱ्या एसटीत शेजारी बसलेल्या अण्णांनी पांगरी यायच्या आत मला वाघ चार गावांत दाखवला. तोही एकाच रात्रीत. ती गावं एका रात्रीत उरकायला वाघालाही एसटीच धरावी लागली असती. पण मनमोकळं हसायची सोय राहिली नव्हती. २०२४च्या डिसेंबरात येडशी रामलिंगघाट अभयारण्यात वनखात्याच्या ट्रॅप कॅमेऱ्यात खरोखरच वाघ आला होता. ठिपक्यांचा नाही, पट्ट्यांचा.

सोलापूर-धाराशिवच्या सीमेवरचा हा मुलूख ज्यांनी पाहिलाय त्यांनाच यातली गंमत कळेल. ज्वारी, तूर, हरभरा, मधे उघडा माळ. इथली जनावरं म्हणजे लांडगा, तरस, कोल्हा, काळवीट. बालाघाटच्या डोंगराची एक सोंड इथं येते, तिच्यावर येडशीचं जंगल आहे. जंगल म्हणजे तरी किती? जेमतेम बावीस चौरस किलोमीटर. एवढ्या जागेत एका नर वाघाचं पोट भरत नाही. त्यामुळे तो रानं ओलांडून बार्शी तालुक्यात यायचा, जनावर मारायचा आणि परत जायचा. कॅमेऱ्याचा फोटो यायच्या आधी ‘वाघ दिसला’ म्हणणाऱ्याला गावानं काय उत्तर दिलं असेल ते सांगायला नको. तरस असंल म्हणाले असतील, नाहीतर सकाळी घेतलेली असंल!

पट्ट्यांची नक्षी प्रत्येक वाघाची वेगळी असते, त्यावरून हा यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला निघाला. नकाशावर सरळ रेघ ओढली तरी अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास भरतं, आणि वाघ काही रेघेवरून चालत नाही. मधे नद्या, हमरस्ते, उसाचे फड, गावंच गावं. टिपेश्वरच्या वाघांना ही सवयच दिसते. २०१९ साली तिथूनच निघालेला एक कॉलर लावलेला नर विदर्भ, मराठवाडा आणि तेलंगणाचा तुकडा फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता. सगळी वाट मिळून तीन हजार किलोमीटरच्या वर. टिपेश्वर दीडशे चौरस किलोमीटरच्याही आतलं. तिथं वाघांची दाटी झाली की वयात आलेल्या नराला बाहेरचा रस्ता धरावाच लागतो.

येडशीत उतरून आधी रामलिंगाला गेलो. मंदिर खोल घळीत आहे, पावसाळ्यात मागून धबधबा कोसळतो. जटायूनं रावणाला अडवलं ते इथंच असं मानतात, देवळासमोर त्याची समाधी आहे. एरवी इथं माकडांचं राज्य असतं, पिशवी सांभाळत दर्शन घ्यावं लागतं. नारळवाल्या मावशींना वाघाचं विचारलं तर म्हणाल्या, “वाघ आला तवापास्नं गिऱ्हाईक वाढलंय. दर्शनाला कमी, विचारायलाच जास्त.” मी नारळ घेतला. काय करणार?

परतीच्या वाटेवर एका वस्तीवर थांबलो. तिथलं वासरू गेलं होतं. मालक पन्नाशीचे, कमी बोलणारे. “तुम्ही पाहिलात?” म्हटलं तर सरळ म्हणाले, “न्हाई. खोटं कशाला बोलू? वासरू बघितलं.” मग त्यांनी जे सांगितलं त्यात वाघापेक्षा पंचनामा जास्त होता. मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही. वनखात्याला वेळेत कळवायचं. माणसं येणार, मानेवरचे दात बघणार, मातीत ठसे शोधणार. ठशापुढं नख्यांची खूण दिसली तर कुत्रं, लांडगा नाहीतर तरस, कारण वाघ-बिबट्या चालताना नख्या आत ओढून घेतात. खूण नसेल तर वाघ की बिबट्या हे ठरवायला ठशाची रुंदी मोजणार. गाय, म्हैस, बैल गेला तर २०२२च्या शासन निर्णयाप्रमाणे बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार रुपये, यांत कमी असेल ते मिळतं. कुत्र्यानं मारलं असेल तर काहीच नाही.

हे ऐकल्यावर अण्णांच्या चार गावांचा उलगडा मला जरा वेगळा झाला. शेळी कुणीही नेली असो, या दिवसांत ती वाघाच्याच नावावर जाणार. लबाडी असेलही थोडी. पण रात्री गोठ्यात धडपड झाली, सकाळी दोर तुटलेला दिसला, तर पंचनामा होईपर्यंत माणसानं दुसरं कुणाचं नाव घ्यावं?

भीतीलाही आधार आहे. याच सोलापूर जिल्ह्यात, करमाळा तालुक्यात, २०२०च्या डिसेंबरात एका बिबट्यानं तीन माणसं मारली होती, शेवटी त्याला गोळी घालावी लागली. ते इथं कुणी विसरलेलं नाही. येडशीच्या वाघानं माणसाला हात लावल्याचं मला मात्र एकानंही सांगितलं नाही, चार गावंवाल्या अण्णांनीही नाही. तरी वस्तीवरच्या मालकांचा मुलगा रात्री ज्वारीला दारं धरायला जातो तेव्हा हातात बॅटरी आणि मोबाईलवर मोठ्यानं गाणी. “वाघ धरा न्हाईतर ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला, “लाईट दिवसा द्या म्हनावं.”

धरायचे प्रयत्न चालूच होते. ताडोब्याहून बचाव पथक आलं होतं, बेशुद्ध करून त्याला सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात सोडायचा बेत होता. पण ताडोब्यात पर्यटकांची जिप्सी शेजारी उभी राहिली तरी न हलणारे वाघ असतात. हा शेकडो किलोमीटर माणसांना चुकवत आलेला. बंदूक घेऊन बसलेल्यांना तो सहजी कसा सापडेल? मला तर हा वाघ सह्याद्रीत नेण्याची कल्पना पटते. तिथं सावज आहे, जागा आहे, इथं त्याला वासरांवरच जगावं लागणार. वस्तीवरच्या लोकांना मात्र तो हवाय की नकोय, हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. “आपला रामलिंगाचा वाघ” म्हणतानाचा त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता.

संध्याकाळच्या बार्शी गाडीत पुढच्या सीटवरच्या एका दादांनी मोबाईल मागं केला. “हे बघा, काल रात्रीचा, आपल्या पांगरी रोडवरचा.” वाघ झकास होता. मागं सालाची उंच, सरळ झाडं दाटीनं उभी होती. मध्य प्रदेशाकडचं हे झाड आमच्याकडं औषधालाही सापडत नाही. मी तसं सांगितलं. त्यांनी व्हिडिओ पुन्हा एकदा पाहिला, झाडांकडं बोट करून मान हलवली आणि तरीही घरच्या ग्रुपवर टाकला.

“खोटा असंल तर असू द्या,” म्हणाले. “धाकटं पोरगं अंधारात गाडी घेऊन हिंडतंय. माझं ऐकत न्हाई, वाघाचं तरी ऐकंल.”