मावशीची पॉलिसी, प्रपोजल फॉर्म आणि विमा लोकपाल: माझा अनुभव

जून 2024 मध्ये लालबागची माझी मावशी दीड लाखांची मुदत ठेव पुढे चालू करायला बँकेत गेली आणि जीवन विम्याची पॉलिसी घेऊन घरी आली. ‘एकदाच भरायचे’ असं तिला तोंडी सांगितलं होतं. वर्षभराने दुसऱ्या हप्त्याची नोटीस आली तेव्हा कळलं की हा हप्ता दरवर्षी भरायचा आहे, दहा वर्षं. तिचं निवृत्तिवेतन महिन्याला 28,000, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नातले जवळजवळ 45 टक्के एका हप्त्यात जाणार. पैसे परत मिळवायला आम्हाला आठ महिने लागले. वकील लागला नाही, फी लागली नाही. लागले ते कागद.

पहिलं काम खात्याचं. हप्ता आपोआप कापला जायची परवानगी, म्हणजे नॅच मॅन्डेट, बँकेच्या शाखेत लेखी अर्ज देऊन रद्द केली. अर्जात मॅन्डेटचा यूएमआरएन, म्हणजे त्या परवानगीचा ओळख क्रमांक, लिहावा लागतो. ‘आधी हप्ता भरा, मग तक्रार करा, नाहीतर पॉलिसी बंद पडेल’ असं फोनवर सांगितलं गेलं. ते ऐकू नका. दुसरा हप्ता भरलात की कंपनी तेच दाखवते: यांना अटी माहीत होत्या, मान्यही होत्या.

दुसरं काम प्रपोजल फॉर्मचं, म्हणजे पॉलिसीसाठी भरलेल्या अर्जाचं, आणि माझ्या मते तक्रार इथेच जिंकली किंवा हरली जाते. ‘आम्हाला असं सांगितलं होतं’ याला पुरावा नसतो. फॉर्ममधल्या खोट्या माहितीला असतो. फॉर्मची प्रत पॉलिसीसोबत यायला हवी. आमच्या बाँडमध्ये, म्हणजे पॉलिसीच्या छापील कागदांत, फॉर्मच्या पाच पानांपैकी तीनच होती, म्हणून कंपनीला ईमेल करून पूर्ण फॉर्म, सही केलेला लाभाचा तक्ता आणि पॉलिसी देण्याआधीच्या पडताळणी कॉलचं रेकॉर्डिंग मागितलं.

फॉर्म हातात आल्यावर पेन्सिल घेऊन एकेक रकाना तपासला. व्यवसाय: शिवणकाम. वार्षिक उत्पन्न: नऊ लाख. मोबाइल नंबरचे शेवटचे दोन आकडे वेगळे. ईमेल अनोळखी, मावशीला तर ईमेलच नाही. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटच्या पानावर होती. फॉर्म इंग्रजीत आणि खाली मावशीची सही मराठीत. अशा वेळी ‘मजकूर अर्जदाराला तिच्या भाषेत समजावून सांगितला’ असं घोषणापत्र भरायचं असतं आणि समजावणाऱ्याचं नाव, पत्ता, सही लागते. ती चौकट कोरी होती. घरात कोणाचीही पॉलिसी असेल तर आजच ती चौकट बघा.

फ्री-लूकचा मुद्दाही याच फॉर्ममधून सुटला. पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती कारण न देता परत करता येते. कंपनीचं म्हणणं, ती मुदत केव्हाच संपली. पण मुदत मोजली होती त्या अनोळखी ईमेलवर पॉलिसी पाठवल्याच्या तारखेपासून. आम्ही टपालाने बाँड पोहोचल्याची पावती मागितली. ती त्यांना देता आली नाही.

तक्रार आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडेच करावी लागते, लेखी. शाखेतल्या माणसाशी झालेलं बोलणं कुठेही धरलं जात नाही. आम्ही एका पानाचं पत्र केलं: पॉलिसी क्रमांक, तारखा, फॉर्ममधल्या चार चुका, प्रत्येकीसमोर पुरावा (पेन्शनचं पासबुक, आधार, मोबाइलचं बिल) आणि शेवटी मागणी: पॉलिसी रद्द करून भरलेले 1,56,750 रुपये परत करा. यात दीड लाख हप्ता आणि त्यावरचा तेव्हाचा साडेचार टक्के जीएसटी, 6,750 रुपये. रक्कम आकड्यात लिहिली नाही तर पुढे विमा लोकपालांच्या, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्यांच्या, फॉर्मवर अडतं. पत्र ईमेलने आणि स्पीड पोस्टनेही पाठवलं.

त्याच दिवशी आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा नियामक प्राधिकरणाच्या, ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवली. 155255 वर फोन करूनही नोंदवता येते. इथे पुष्कळांचा गैरसमज होतो. पैसे द्यायचे की नाही याचा निवाडा नियामक करत नाही. तक्रार कंपनीकडेच जाते, पण टोकन क्रमांक पडतो, दोन आठवड्यांचं घड्याळ सुरू होतं आणि ती नियामकाच्या नजरेखाली राहते. आमचं उत्तर तेराव्या दिवशी आलं: नकार, ‘ग्राहकाने सही केली आहे’. हे पत्र जपून ठेवा, लोकपालांकडे जायचा परवाना तोच. उत्तरच आलं नाही तर एक महिना थांबून जाता येतं. नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत मात्र जायलाच हवं.

विमा लोकपालांचं मुंबई कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर, जीवन सेवा अ‍ॅनेक्समध्ये आहे. पण सगळी मुंबई त्यांच्याकडे नाही. चेंबूर, गोवंडी, घाटकोपर, भांडुप, मुलुंड या बाजूचे वॉर्ड ठाणे कार्यालयाकडे जातात. चुकीच्या ठिकाणी अर्ज दिला तर आठवडे फुकट जातात. अर्ज ऑनलाइनही भरता येतो. 50 लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात. हीच तक्रार ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल ती घेत नाहीत, तेव्हा आधी कुठे जायचं ते ठरवा. मला लोकपाल बरे वाटले, कारण निवाडा कंपनीला बंधनकारक असतो, आपल्याला नाही. पटला नाही तर आयोगाचं दार उघडंच राहतं.

सुनावणी डिसेंबरमध्ये व्हिडिओवर झाली. वकिलाला परवानगी नसते, बोलायचं तक्रारदारानेच. मावशी घाबरली होती. मी तिला एवढंच सांगितलं, गोष्ट सांगू नकोस, फॉर्म सांग. तिने मराठीत चार वाक्यं बोलली: मी शिवणकाम करत नाही, माझं उत्पन्न हे नाही, हा नंबर माझा नाही, मला इंग्रजी वाचता येत नाही. कंपनीच्या प्रतिनिधीने पडताळणी कॉलचा आधार घेतला. त्या रेकॉर्डिंगमध्ये प्रश्न हिंदीत भराभर विचारलेले आणि मावशीचं प्रत्येक वेळी नुसतं ‘हां’. मग कंपनीने तडजोड सुचवली: हीच पॉलिसी एकरकमी हप्त्याची करून देतो. ऐकायला बरं वाटतं, पण पैसे वर्षानुवर्षं अडकूनच राहतात. मावशीने नाही म्हटलं.

मधल्या काळात दुसराच धोका उभा राहिला. ऑक्टोबरपासून फोन यायला लागले: ‘लोकपाल कार्यालयातून बोलतोय, तुमचा बोनस मंजूर झालाय, 18 टक्के जीएसटी आधी भरा.’ अडकलेल्या पॉलिसीची माहिती बाहेर गेली की हे हमखास होतं, आणि एकदा फसलेला माणूस परत फसतो तो इथेच. आयआरडीएआय पॉलिसी विकत नाही, बोनस जाहीर करत नाही. लोकपाल फी घेत नाहीत. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटीच नाही. पैसे गेलेच असतील तर त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येते, उद्यावर टाकलं की हाती काही लागत नाही.

निवाडा जानेवारीत आला: पॉलिसी रद्द, भरलेली पूर्ण रक्कम परत, व्याज नाही. व्याज नाकारलेलं मला आजही पटत नाही, पण मावशीला पुढे लढायचं नव्हतं. कंपनीला 30 दिवसांत निवाडा पाळावा लागतो. उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात. कंपनीने मूळ बाँड, रद्द केलेला चेक आणि सहीची पावती मागितली. बाँडच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स काढून, पोहोच घेऊनच मूळ दिला. पावतीवर ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलं होतं, म्हणून रकमेचा आकडा निवाड्याशी ताडून बघितला आणि मगच मावशीने सही केली. तिच्या नेहमीच्या मराठी वळणात. विसाव्या दिवशी 1,56,750 रुपये खात्यात जमा झाले.